फोटो ‘डिलीट’ केला की नुसता ‘काढला’? स्पॅनिशमध्ये कोणतं क्रियापद कधी वापरायचं?

समजा, तुम्ही स्पॅनिश शिकताय. स्पेनमधल्या मैत्रिणीने सांगितलं, माझा तो फोटो काढून टाक. तुम्ही तो प्रोफाइलवरून हटवलात आणि कळवलंत, ‘बोर्रे ला फोतो’. ती निश्चिंत झाली. पण फोटो तुमच्या गॅलरीत अजून आहेच! म्हणजे चुकीच्या क्रियापदामुळे तुम्ही नकळत खोटं बोललात. इथे ‘किते’ हवं होतं.

नेमका फरक काय?

बोर्रार : पुसून टाकणे. फळा, पेन्सिलचं लिखाण, मोबाइलमधली फाइल. खोडरबराला ‘गोमा दे बोर्रार’ म्हणतात. गंमत म्हणजे ‘बोर्रादोर’ म्हणजे फळा पुसायचं डस्टर आणि कच्चा मसुदासुद्धा! म्हणूनच ईमेलमधल्या ड्राफ्ट्सना ‘बोर्रादोरेस’ म्हणतात.

कितार : जागेवरून हलवणे. भिंतीवरचं चित्र उतरवलं, तरी ते घरात असतंच. कपड्यावरचा डाग काढायलाही हेच क्रियापद. कुणाचा मोबाइल ‘कितार’ केला, तर मात्र तो काढून घेतला असा अर्थ होतो.

साकार : आतून बाहेर काढणे. हे थेट आपल्या ‘काढणे’सारखं आहे. दाढ काढणे, कचरा बाहेर काढणे आणि चक्क फोटो काढणे, तिन्हीकडे ‘साकार’ चालतं. त्यामुळे फोटो हटवायचा असेल, तर हा शब्द टाळा. ‘साकार ऊना फोतो’ म्हणजे फोटो टिपणे!

एलिमिनार : यादीतून किंवा सिस्टिममधून हटवणे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’साठी ‘एलिमिनार पारा तोदोस’ असतं. स्पर्धेतून बाद करणे हाही अर्थ आहे. माणसाबद्दल वापरताना जपून, कारण ‘ठार मारणे’ असाही अर्थ निघतो.

ताचार : रेघ मारून खोडणे. खालचा शब्द दिसत राहतो.

सुप्रिमीर : औपचारिक, कायद्याच्या भाषेतला शब्द. स्पेनमधल्या कीबोर्डवर डिलीटच्या बटणावर ‘सुप्र’ लिहिलेलं असतं, ते यावरूनच.

हा फक्त शब्दांचा खेळ आहे का?

नाही. 1998 मध्ये ‘ला वांग्वार्दिया’ या स्पॅनिश वृत्तपत्रात एका नागरिकाच्या थकबाकीमुळे होणाऱ्या मालमत्तेच्या लिलावाची सूचना छापून आली. थकबाकीचं प्रकरण मिटलं, पण बरीच वर्षं गूगलवर त्याचं नाव टाकलं की तीच पानं समोर यायची. 13 मे 2014 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, अशा लिंक नावाच्या सर्चमधून हटवण्याची मागणी करता येते. वृत्तपत्राच्या संग्रहातली मूळ पानं मात्र तशीच राहिली. म्हणजे लिंक ‘कितार’ झाली, मजकूर ‘बोर्रार’ झाला नाही.

म्हणून क्रियापद निवडण्याआधी एकच प्रश्न विचारा : ती गोष्ट कुठेतरी उरली आहे का? उरली असेल, तर ‘बोर्रार’ म्हणू नका. आणि कुणी तुम्हाला ‘फोटो काढला’ असं सांगितलं, तर मराठीतही हाच प्रश्न विचारायला हरकत नाही.