एका आयनापुरते छिद्र

पाण्यात धातू किती आहेत यापेक्षा नेमका कोणता धातू आहे, हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीत अधिक निकडीचा आहे. चंद्रपूरजवळ कोळशाच्या खाणी आहेत आणि 2920 मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज निघते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर 83.88 गुणांसह देशात चौथे होते. लोह जास्त असले की हातपंपाचे पाणी तांबूस होते, भांड्यावर डाग पडतो, माणूस सावध होतो. शिसे, कॅडमियम, पारा मात्र दिसत नाहीत आणि चवीलाही कळत नाहीत. गावपातळीवरचे साधे तपासणी संच लोह, फ्लोराइड, नायट्रेट सांगतात. जड धातूंसाठी नमुना बाटलीत भरून मोठ्या प्रयोगशाळेत धाडावा लागतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि खाणी-डोंगरांवरचे पाणी नदीनाल्यांत उतरते तेही त्याच दिवसांत. नमुना घेण्याची सर्वाधिक गरज असते तेव्हाच तो पोहोचवण्याची वाट बंद असते. म्हणून धातू जागच्या जागी ओळखू शकेल अशा, रासायनिक बदल केलेल्या नॅनोछिद्रांच्या तंत्राकडे इथल्या लोकांनी आस्थेने पाहावे, असे मला वाटते.

या तंत्राचे मूळ एका जिवाणूच्या विषात आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू अल्फा-हिमोलायसिन नावाचे प्रथिन बनवतो. त्याचे सात रेणू एकत्र येऊन पेशीच्या पटलात छिद्र पाडतात; सर्वांत अरुंद जागी ते सुमारे 1.4 नॅनोमीटर असते. दोन्ही बाजूंना खारे पाणी ठेवून थोडा विद्युतदाब दिला, की छिद्रातून पिकोअँपिअरमध्ये मोजावा लागेल इतका क्षीण, पण स्थिर प्रवाह वाहतो. रसायनशास्त्रज्ञ हेगन बेली यांच्या गटाने 1990 च्या दशकात या छिद्राच्या आतल्या भिंतीवर हिस्टिडिन हे अमिनो आम्ल बसवले. त्याला जस्तासारख्या धातूंचे आयन चिकटतात. आयन चिकटला की प्रवाह बदलतो, सुटला की पूर्ववत होतो. आयन किती वेळा चिकटतो यावरून प्रमाण कळते; किती वेळ चिकटून राहतो आणि प्रवाह किती बदलतो यावरून तो कोणता, हे कळते. 2000 साली याच गटाने जस्त, कोबाल्ट आणि कॅडमियम हे तीन आयन एकाच छिद्राने एकाच वेळी ओळखून दाखवले. प्रमाण आणि ओळख दोन्ही एकाच नोंदीतून मिळणे, हे मला या तंत्राचे सर्वांत मोठे बळ वाटते.

या तंत्रावरचा पहिला आक्षेप रास्त आहे: प्रयोगशाळेतले शुद्ध द्रावण वेगळे आणि विहिरीचे पाणी वेगळे. पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची भारतीय मर्यादा लिटरला 0.003 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 27 नॅनोमोलर. साध्या कठीण पाण्यात कॅल्शियम त्याच्या हजारो पट असते. पण हिस्टिडिनला कॅल्शियमची फारशी ओढ नसते. गर्दीतून हवा तोच आयन धरणे हे छिद्राच्या आकाराचे नव्हे, त्यात बसवलेल्या रसायनाचे काम आहे. पाऱ्यासाठी थायमिनच्या जोड्या, पोटॅशियमसाठी क्राउन ईथर, असे पर्यायही आहेत. दुसरा आक्षेप नाजूकपणाचा. चंद्रपूरच्या 45 अंशांवरच्या उन्हाळ्यात प्रथिन आणि मेदाचे पटल टिकेल का? उघड्यावर नाही. मात्र प्रथिनांचीच छिद्रे वापरणारे डीएनए वाचणारे छोटे यंत्र 2015 मध्ये इबोलाच्या साथीत गिनीत नेऊन वापरले गेले, त्यामुळे नाजूक छिद्राची बंदिस्त बांधणी अशक्य नाही. प्लास्टिकच्या पातळ पडद्यात जड आयनांचा मारा करून आणि अल्कलीने कोरून केलेली छिद्रे त्याहून दणकट असतात.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र पूर्ण उत्तर नाही. जंगलातल्या पाण्यात पालापाचोळ्याची सेंद्रिय आम्ले असतात आणि ती धातूला धरून ठेवतात. छिद्राला दिसतो तो मुख्यतः मोकळा आयन, तर पाण्याची मानके एकूण धातूवर ठरतात. त्यामुळे छिद्राने ‘काही नाही’ म्हटले तरी पाणी निर्धोक ठरत नाही, आणि प्रयोगशाळेची जागा ते घेऊ शकत नाही. पण त्याने ‘आहे’ म्हटले, तर कोणत्या गावचा नमुना आधी नागपूरच्या प्रयोगशाळेत न्यायचा हे ठरू शकते. मर्यादित वाहने आणि लांबच लांब रस्ते असलेल्या जिल्ह्यात एवढेही मोलाचे आहे.

म्हणून मागणी साधी आहे. नागपूरची ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ यांनी इरई, वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या पाण्यावर अशा छिद्रांची चाचणी घ्यावी, प्रत्येक निकाल प्रयोगशाळेतल्या मोजणीशी ताडून पाहावा, आणि जिथे छिद्र चुकले तेही प्रसिद्ध करावे.