आजोबांचे नाव कोणत्या कागदात आहे?
(घराण्याचा व गावाचा इतिहास शोधण्यासाठी वाचनालयाचा उपयोग)



गळीत हंगाम आटोपला की आमच्या शेअर्स विभागात वारसनोंदीच्या अर्जांची गर्दी होते. आजोबा वारले, वडीलही गेले, शेअर मात्र अजून आजोबांच्याच नावावर. असेच एक तरुण सभासद मध्यंतरी आले होते. शेअर दाखल्यावर नाव ‘बाळा रामा’ आणि सातबाऱ्यावर ‘बाळकृष्ण रामचंद्र’. ते म्हणाले, “साहेब, बाळा म्हंजीच बाळकृष्ण. समद्या गावाला ठावं हाय.” आम्ही म्हणालो, “गावाला ठाऊक आहे हे खरे, पण कागदाला ठाऊक नाही. त्याचे काय करायचे?”

बिचारे दोन महिने या कचेरीतून त्या कचेरीत फिरले. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला जाई, “नोंद कोणत्या सालची?” साल सांगता येईना, म्हणून कागद निघेना. शेवटी कुणीतरी सुचवले म्हणून ते तालुक्याच्या वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपालांनी गावाच्या विकास सोसायटीची जुनी सुवर्णमहोत्सवी स्मरणिका कपाटातून काढून दिली. तीत जुन्या सभासदांच्या यादीत ‘बाळा ऊर्फ बाळकृष्ण’ असे नाव होते आणि वडिलांच्या जागी ते कोणत्या साली सभासद झाले तेही छापले होते. त्या सालाच्या आगेमागे फेरफार पाहिले तेव्हा वारसाची नोंद दोन्ही नावांसह मिळाली. तिची नक्कल जोडली आणि बाकीच्या कागदांसह अर्ज मार्गी लागला.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाचनालयातले पुस्तक हा कायद्याचा पुरावा नव्हे. पुरावा दप्तरात असतो. पण दप्तराच्या कोणत्या कपाटाशी जायचे ही वाट वाचनालय दाखवते. म्हणून आधी वाचनालय आणि मग कचेरी हा क्रम ठेवला तर हेलपाटे वाचतात.

जाण्यापूर्वी घरी काय करावे?

घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसावे. आजीला विचारावे. पुरुष मंडळी जमीन सांगतात, पण सोयरीक, माहेर आणि टोपणनावे बायकांनाच पाठ असतात. तीन गोष्टी टिपाव्यात : गाव कोणते, साल साधारण कोणते आणि माणसाला कोणकोणत्या नावांनी हाक मारीत. साल आठवत नसेल तर खूण विचारावी. “प्लेगात गेले”, “कोयनेच्या भूकंपाआधी लगीन झालं” अशी खूण पुरते. कोयनेचा भूकंप 1967 च्या डिसेंबरातला, म्हणजे साल सापडले!

वाचनालयात काय मिळते?

आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. त्याआधी 1945 मध्ये कोल्हापूर संस्थानाने असा कायदा केला होता. काही वाचनालये तर याहून कितीतरी जुनी आहेत. पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे व कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे. अशा ठिकाणी संदर्भ विभागात बसून पुढील साधने पाहावीत.

(1) गॅझेटियर. इंग्रज अमदानीत कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे जिल्हावार खंड निघाले. सातारा जिल्ह्याचा एकोणिसावा खंड 1885 चा, कोल्हापूरचा चोविसावा 1886 चा. बाजाराची गावे, पिके, देवळे, घाटरस्ते, 1876-77 चा दुष्काळ अशी माहिती त्यांत आहे. ‘आमचे घराणे दुष्काळात इकडे आले’ असे घरात सांगत असतील तर त्या वेळी मुलखाची काय दशा होती ते इथे कळते. मात्र जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या आहेत हे विसरू नये. सांगली जिल्हा 1949 साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने झाला व 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून वाळवा, तासगाव, खानापूर या तालुक्यांतल्या मंडळींनी जुनी माहिती साताऱ्याच्या खंडात शोधावी. मिरज, सांगली, जत ही तर संस्थाने होती. त्यांचा हिशेब वेगळा.

(2) जिल्हा जनगणना पुस्तिका. 1951 च्या जनगणनेपासून या निघू लागल्या. गावनिहाय लोकसंख्या व इतर आकडे त्यांत सापडतात. माणसांची नावे मात्र त्यांत नसतात, कारण जनगणनेत घरोघर दिलेली माहिती गुप्त ठेवली जाते. धरणात गेलेल्या गावाचे जुने नाव व तालुका पक्का करायला या पुस्तिका फार उपयोगी पडतात.

(3) कुलवृत्तांत व स्मरणिका. अनेक घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापले आहेत. शाळा, सोसायटी, देवस्थान, तालीम मंडळ यांच्या स्मरणिकांतही नावांच्या याद्या असतात. जाहिरातींची पाने सोडून सगळे पान न् पान पाहावे.

(4) इतिहासाची साधने. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये काढला व पुढे बावीस खंड झाले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात संपादित केले. त्यांत पाटील, कुलकर्णी, देशमुख, शेटे यांच्या वतनांचे तंटे येतात. गावाचे नाव शेवटच्या सूचीत पाहिले की काम सोपे होते.

वाचनालयातून पुढे कोठे?

जमिनीच्या नोंदीत फेरफार, म्हणजे गाव नमुना 6, हा घराण्याचा खरा धागा. कोण वारले, वारस कोण, कोणाचे वाटप झाले हे त्यात लिहिलेले असते. आपल्याकडे हक्कनोंदीचा कायदा 1903 चा, म्हणून फेरफारांची साखळी साधारण त्यानंतरची मिळते. पुढे 1947 च्या कायद्याने एकत्रीकरण झाले, सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले आणि पुष्कळांना तिथे साखळी तुटल्यासारखी वाटते. ती तुटलेली नसते. भूमी अभिलेख कचेरीत एकत्रीकरणाचा उतारा मागावा, म्हणजे जुना नंबर नव्याशी जुळतो.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात असतात. शाळेचे जनरल रजिस्टरही पाहावे. आता काही ठिकाणचे जुने उतारे व फेरफार संगणकावरही दिसतात. पण नावाची फोड चुकली तर यंत्राला ते सापडत नाही. तेव्हा घरी टिपलेली सगळी नावे घालून पाहावीत.

याहून मागे जायचे तर पुण्याचे पुरालेखागार आहे. तिथे मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे जाणकाराशिवाय वाचन होत नाही. तारखाही निराळ्या. ‘सलास सबैन मया व अलफ’ असे लिहिले असेल तर घाबरू नये. तीन, सत्तर, शंभर व हजार मिळून 1173 झाले. या सनात 599 मिळवले की 1772 येते, म्हणजे 1772 च्या मृगापासून पुढचे वर्ष. फसली सन असेल तर 590 मिळवावेत आणि शक असेल तर 78.

2023 साली कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत हे सर्वांनाच दिसले. आपल्या सभासदांच्या मुला-मुलींपैकी कोणी मोडी शिकले तर त्यात गावाचे मोठे काम आहे.

एक इशाराही द्यावासा वाटतो. पैसे घेऊन ‘तुमचे घराणे अमुक राजाचे’ असे सांगणारेही भेटतात. कोल्हापूर-सांगलीकडचे हेळवी किंवा त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय यांच्याजवळ पिढ्यांची नावे खरोखर असतात. त्यांचा मान ठेवावा, पण मिळालेले नाव कागदाशी ताडून पाहावे. पूर्वज साधा कुणबी निघाला किंवा सालगडी निघाला म्हणून कमीपणा कसला? त्याने जमीन राखली म्हणून आज आपण ऊस लावतो.

आता आमचे मागणे

वर सांगितलेल्या सभासदाचे काम एका स्मरणिकेने झाले. ती कोणीतरी रद्दीत घातली असती तर? आपल्या घरोघरी जुने अहवाल, सोसायटीच्या वह्या, पाटीची पुस्तके, लग्नपत्रिका, मोडी खरेदीखते माळ्यावर पडली आहेत. वाळवीला त्यांचे मोल कळत नाही. आपल्याला तरी कळावे. असे कागद चिकटपट्टीने जोडू नयेत, प्लॅस्टिकमध्ये पक्के करू नयेत. घडी उलगडून, कोरड्या जागी, स्वच्छ सुती कापडात ठेवावेत. मूळ कागद घरी ठेवा, पण त्याचा मोबाईलवर नीट फोटो काढून गावच्या वाचनालयात एक प्रत द्या, आणि कागद कोणाचा, कोणत्या गावचा, कोणत्या सालचा हे मागे लिहा. कारखान्याचे जुने वार्षिक अहवाल ज्यांच्याकडे असतील त्यांनीही एक जोडी वाचनालयास द्यावी. त्यांतही आपलीच नावे आहेत.

आणि शेवटचे. शेअर अजून आजोबांच्या नावावर असेल तर म्हातारी माणसे हयात आहेत तोवरच वही घेऊन बसा. कागद उद्या शोधता येईल, सांगणारे माणूस उद्या असेलच असे नाही.