दिसतं तेवढंच नसतं, बॉस!

शनिवारची संध्याकाळ. सात रस्त्यावरच्या नेहमीच्या टपरीवर आमच्या कॉलेज ग्रुपपैकी मी एकटीच. बाकीचे चौघं एकेक करून 'हुतात्मा'त बसले आणि पुण्याचे झाले. आता मलाही तिथून ऑफर आलीय. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. आपण पण गेलो, तर सोलापुरात उरणार कोण?

अशा मूडमध्ये मी चक्क दीर्घिकांबद्दल वाचत बसले. आणि काय सांगू, सगळी आपलीच गोष्ट निघाली!

विश्वातल्या एकूण वस्तुमानात अणूंचं साधं द्रव्य, म्हणजे तुम्ही, मी, तारे, वायू, जेमतेम १६ टक्के. बाकी सगळं डार्क मॅटर. ते दिसत नाही, फक्त त्याची ओढ जाणवते. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांना कोमा समूहातल्या दीर्घिका इतक्या वेगात पळताना आढळल्या, की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या जोरावर तो समूह टिकायलाच नको होता.

मोठ्या समूहांत हे १६ टक्क्यांचं प्रमाण जवळपास टिकून असतं. त्यातलंही बहुतेक द्रव्य ताऱ्यांत नाही, तर कोट्यवधी अंश तापलेल्या वायूत. एकेकट्या दीर्घिकेत मात्र हिशोब जुळत नाही. ताऱ्यांचे स्फोट आणि मधलं कृष्णविवर वायू बाहेर भिरकावतात. छोट्या दीर्घिकेची ओढ कमी पडते, वायू निसटतो. समूह एवढा जड, की सहसा काही बाहेर जातच नाही. २०१७ मध्ये पुण्याच्या 'आयुका' आणि 'आयसर'च्या संशोधकांनी जाहीर केलेला 'सरस्वती' महासमूह तर अशा कितीतरी समूहांचा मिळून बनलाय. वस्तुमान सुमारे दोन कोटी अब्ज सूर्यांइतकं!

थोडक्यात, पुणे म्हणजे समूह आणि सोलापूर छोटी दीर्घिका. माझा चेहरा पडला.

पण मग निसटलेला वायू जातो कुठे? २०२५ मध्ये दूरवरच्या रेडिओ स्फोटांच्या सिग्नलवरून हिशोब लागला: साध्या द्रव्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग दीर्घिकांच्या मधल्या विरळ जागेत पसरलाय. म्हणजे तो हरवला नव्हता, नुसता दिसत नव्हता. त्यातला थोडा थंड होऊन परत दीर्घिकेत येतोही.

सोमवारी 'हो' कळवणार आहे. आईला हे सगळं समजावलं, परत येणाऱ्या वायूसकट. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. शेंगाचटणी किती देऊ? त्या चौघांचीपण धर."