वैरणीचा जव : कोणतें बीं घ्यावें आणि कां

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील गुरांसाठीं सढळ हातानें द्रव्य देणाऱ्या व्यापारी, जमीनदार व इतर दात्यांपुढें एक विचार ठेवण्याची आम्ही अनुज्ञा मागतों. टंचाई पडली म्हणजे कडबा विकत घेऊन छावणीवर धाडावा, ही आजवरची रीत आहे, व ती सोडावी असें आमचें म्हणणें नाहीं. पण त्याच द्रव्याचा एक भाग पेरणीच्या वेळीं वैरणीच्या बियाण्यांत घातला, तर तो किती पुरतो, व तें बीं निवडतांना कशास जपावें, हें येथें सांगावयाचें आहे.

सन २०१५-१६ च्या अवर्षणांत लातूर, बीड व धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांत गुरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या, आणि एप्रिल २०१६ पासून लातूर शहरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. पाणी गाडीनें आलें. वैरण मात्र आकारानें एवढी मोठी कीं दूरवरून आणल्यास भाडेंच मालाची किंमत गिळतें. मग शेतकरी गुरें विकतो. नांदेडकडची लाल कंधारी व लातूरकडची देवणी या जाती याच दोन जिल्ह्यांच्या. जातिवंत कालवड व वळू दावणीवरून एकदां गेले, म्हणजे तें घराणें पुन्हां उभें करण्यास पुष्कळ वर्षें जातात. माळेगांवच्या यात्रेंत पैसा टाकून तें एका दिवसांत मिळत नाहीं.

मराठवाड्याची मुख्य वैरण रब्बी ज्वारीची, व तिचा मान तिलाच राहावा. ओल धरणाऱ्या काळ्या जमिनींत मोहोळची मालदांडी (एम ३५-१) किंवा परभणीच्या कृषि विद्यापीठाची परभणी मोती जेथें येते, तेथें दुसऱ्या कशाचा विचार करूं नये. दाणा घरास व कडबा गोठ्यास, असा दुहेरी लाभ दुसऱ्या पिकांत नाहीं. पण कडब्यानें पोट भरलें तरी अंग धरत नाहीं. त्याच्या शुष्क भागांत प्रथिनें शेंकडा तीनचारच असतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांतील जे सूक्ष्म जीव वैरण आंबवितात, त्यांस शेंकडा सुमारें ७ तरी लागतात. तितकीं न मिळाल्यास खाल्लेला कडबाही नीट पचत नाहीं. ही तूट सरकी पेंडीनें भरते खरी. पण टंचाईंत पेंड कोणाच्या आवांक्यांत असते?

राहिलें हिरवें. येथें ज्वारी दगा देते. कोवळ्या, पावसानें ओढ दिल्यामुळें खुरटलेल्या ज्वारींत, तसेंच कापल्यावर आलेल्या फुटव्यांत, हायड्रोसायनिक आम्ल हें जहाल विष उत्पन्न होतें. शेतकरी यासच ‘किराळ लागणें’ म्हणतात. उपाशी गुरूं अशा शेतांत शिरलें तर थोड्याच वेळांत दगावतें. ज्या वर्षीं हिरव्याची निकड सर्वांत अधिक, त्याच वर्षीं ज्वारीचें हिरवें सर्वांत घातक!

जवांत, ज्यास कोणी सातू म्हणतात, हें भय नाहीं. पाणी त्यास गव्हाहून पुष्कळ कमी पुरतें, व खारवट जमीन सोसण्यांत तृणधान्यांमध्यें तो अग्रेसर आहे. पोटरींत कापलेल्या जवाच्या शुष्क भागांत प्रथिनें शेंकडा १४ च्या आसपास असतात. आतां हिशेब पाहा. ३५० किलो वजनाच्या गाईस वजनाच्या शेंकडा अडीच या मानानें रोज पावणेनऊ किलो शुष्क वैरण लागते. त्यांत १५ किलो हिरवा जव (शुष्क भाग ३ किलो) व सुमारें साडेसहा किलो कडबा दिला, तर प्रथिनांचें मान शेंकडा ७ वर येतें, गाय तगते. एकरीं ६ टन हिरवा चारा धरला, तर १५ किलोंप्रमाणें तो ४०० दिवसांचा, म्हणजे चार गाईंस शंभर दिवसांचा होतो. एकरास बीं सुमारें ४० किलो पुरे.

मात्र जव म्हणून मिळेल तें बीं घेऊं नये. मद्याच्या कारखान्यांसाठीं सुधारलेले जव टपोऱ्या दाण्यासाठीं निवडलेले असतात; आपणांस पाला हवा. राजस्थानांत दुर्गापुरा येथें तयार झालेले आरडी २०३५, आरडी २५५२ व आरडी २७१५ हे वाण दुहेरी कामाचे आहेत : एकदां हिरवें कापून घ्यावें, व फुटव्यावर दाणा धरावा. क्षारयुक्त जमिनीसाठीं आरडी २५५२ बरा. आरडी २७१५ मध्य भारतासाठीं प्रसृत झालेला असल्यामुळें आमच्या हवेस अधिक जवळचा, म्हणून पहिली पसंती आम्ही त्यास देतों. हीं सर्व थंडीचीं पिकें. आमची थंडी सौम्य व आंखूड. यास्तव पहिल्या वर्षीं गांवांत एकदोन एकरांवरच पाहावें. आणि ज्याच्या विहिरीस चैत्रापर्यंत पाणी हमखास आहे, त्यानें जवाच्या नादीं न लागतां लसूणघास किंवा राहुरीच्या कृषि विद्यापीठाचा फुले हरिता ओट लावावा. अशा विहिरी मात्र थोड्या.

उत्तरेकडे पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनीं करतात. येथें दिवस न मोजतां पीक पोटरींत येतांच कापावें. निसवल्यावर राठ कुसळें जनावराच्या तोंडास व जिभेस जखमा करतात. बुडखा चार बोटें राखून पाणी द्यावें. युरिया बेतानें द्यावा, कारण पाण्याची ओढ बसलेल्या व खत अधिक झालेल्या जवांत नायट्रेट सांचतें, व तेंही गुरांस बाधतें. सबंध क्षेत्र एकदम न पेरतां नोव्हेंबरांत पंधरा दिवसांच्या अंतरानें दोन तुकडे पेरले, तर चारा एकदम येऊन वायां जात नाहीं.

तबकांत पाण्यावर जव उगवून हिरवा गालिचा करण्याचीं यंत्रें हल्लीं पुष्कळ दाखविलीं जातात. एका किलोचे सहासात किलो होतात हें खरें, पण वाढतें तें पाणी. शुष्क भाग मूळ दाण्याहून कमीच भरतो. त्या यंत्रास देणगी देण्यापेक्षां तीच रक्कम बियाण्यास द्यावी.

वाण्याकडील सोललेला जव उगवत नाहीं. तो बीं म्हणून घेऊं नये. पिशवीवर वाणाचें नांव व उगवणीचें प्रमाण छापलेलें पाहावें, व औषध लावलेलें बीं उरल्यास तें गुरांपुढें टाकूं नये, असें घेणाऱ्यास बजावून सांगावें. नोव्हेंबरांत पेरणी साधावयाची, तर बीं दसऱ्यापूर्वीं गांवोगांव पोहोंचलें पाहिजे. म्हणून या कामीं ज्यांस द्रव्य द्यावयाचें असेल, त्यांनीं तें भाद्रपद संपण्यापूर्वीं द्यावें, व तें कडब्यासाठीं कीं बियाण्यासाठीं हें स्पष्ट लिहावें, ही विनंती.