एक मिलिसेकंद आणि मोडलेला कटर

"अरे, पिंग तर एकदम मस्त येतोय, मग मशीन मध्येच का थांबतं?" मिनी सीएनसीचा प्रोजेक्ट घेणाऱ्या ग्रुपला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. साहित्य साधारण ठरलेलं : रास्पबेरी पाय ४ किंवा ५, त्यावर लिनक्ससीएनसी, आणि इथरनेट केबलने जोडलेलं एफपीजीएवालं मेसा कार्ड. हवेत प्रोग्राम चालवून पाहिला, ओके. खऱ्या जॉबवर कट सुरू झाला आणि स्क्रीनवर झळकलं 'एरर फिनिशिंग रीड'. मशीन जागच्या जागी उभं, कटर जॉबमध्ये रुतलेला. मग पहिली शंका केबलवर. बिचाऱ्या केबलचा बहुतेक वेळा काही दोष नसतो.

दर मिलिसेकंदाची हजेरी

लिनक्ससीएनसीचा जन्म १९९०च्या दशकात अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेत झाला. तेव्हा नाव होतं एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर. आताचं नाव २०११ मध्ये मिळालं. त्याचा गाभा म्हणजे सर्वो थ्रेड. साधारणपणे दर १ मिलिसेकंदाला तो कार्डाला विचारतो, "अक्ष कुठे आहेत?" उत्तर आलं की पुढचा वेग काढतो आणि कार्डाला कळवतो. स्टेपर मोटरचे पल्स एफपीजीए स्वतःच काढतं, म्हणून पायला मायक्रोसेकंदाची कसरत करावी लागत नाही. पण ही हजेरी मात्र चुकवून चालत नाही.

उत्तराची वाट पाहण्याची मुदत मुळात सायकलच्या ८० टक्के, म्हणजे ८०० मायक्रोसेकंद असते. आणि ५ मिलिसेकंद कुणीच विचारपूस केली नाही, तर कार्डावरचा वॉचडॉग आउटपुट बंद करतो.

आता जरा गणित करू. फीड ६००० मिमी प्रति मिनिट, म्हणजे सेकंदाला १०० मिमी, म्हणजे मिलिसेकंदाला ०.१ मिमी. एक सायकल चुकली की एवढं अंतर मशीन जुन्याच हुकमावर, डोळे मिटून कापतं. फिट्स अँड टॉलरन्सेस शिकलेल्यांना ०.१ मिमी म्हणजे काय ते सांगायला नको.

मग वेळ जातो कुठे?

केबलमध्ये नाही. इथरनेटची सर्वांत छोटी फ्रेम, पुढचा प्रिअँबल आणि मागची मोकळी जागा धरून ८४ बाइट होते. १०० मेगाबिटच्या लिंकवर तिला ६.७२ मायक्रोसेकंद लागतात. बाकी सगळा उशीर पायच्या आत होतो.

इथेच पिंगची सरासरी फसवते. मेसमध्ये पोळी सरासरी एका मिनिटात मिळते हो, पण रविवारी फीस्टच्या दिवशी वीस मिनिटं ताटकळलेल्याला ती सरासरी सांगून बघा! मशीनचंही तेच. दहा लाख वेळा उत्तर वेळेत आलं आणि एकदाच उशीर झाला, तरी जॉब गेला. दर मिलिसेकंदाला एक सायकल म्हटलं तर दहा लाख सायकली सतरा मिनिटांत होतात. म्हणून बघायचा तो 'मॅक्स'चा आकडा.

उपाय, क्रमाने

१) रिअल-टाइम कर्नल. साध्या कर्नलमध्ये महत्त्वाचं काम बिनमहत्त्वाच्या कामामागे अडकू शकतं. प्रीएम्प्ट-आरटीमध्ये बहुतेक इंटरप्टसुद्धा थ्रेड बनतात आणि त्यांना प्रायॉरिटी देता येते. अनेक वर्षं हा पॅच बाहेरून लावावा लागे. नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून तो मूळ लिनक्समध्ये आहे. हे नसेल तर पुढचं सगळं वरवरचं.

२) इंटरप्ट कोअलेसिंग. प्रत्येक पोळीसाठी आत पळण्यापेक्षा चार जणांची मागणी गोळा करून जाणारा वाढपी आठवा. नेटवर्क चिपही तसंच करते, पॅकेट साठवून मग एकदाच प्रोसेसरला उठवते. डाउनलोडला हे उत्तम, पण आपल्याकडे पॅकेट एकच आणि तेही तातडीचं. इथटूल वापरून ही थांबण्याची वेळ ड्रायव्हर देईल तेवढी कमी करायची. पाय ४ मध्ये इथरनेट मुख्य चिपमध्येच आहे, पाय ५ मध्ये ते आरपी१ या वेगळ्या चिपवर गेलं. त्यामुळे एकाची सेटिंग दुसऱ्याला डोळे झाकून लावू नका. आणि पाय ३ वर वेळ घालवू नका, त्याचं इथरनेट यूएसबीवरून फिरून येतं.

३) झोपमोड. वीज वाचवण्यासाठी इथरनेटची लिंक डुलकी काढते, प्रोसेसरही क्लॉक उतरवतो. पहिल्यासाठी ईईई बंद, दुसऱ्यासाठी गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर. शिवाय चिप ८० अंशांच्या वर तापली किंवा सप्लायचं व्होल्टेज पडलं, तर पाय आपणहून मंदावतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हीटसिंक आणि पंखा ही चैन नाही.

४) राखीव कोअर. चारपैकी एक कोअर आयसोलसीपीयूने बाजूला काढा आणि तिथे फक्त सर्वो थ्रेड ठेवा. इथरनेटच्या इंटरप्टचा कोअरही पक्का करा आणि त्याची प्रायॉरिटी वाढवा.

५) स्वतंत्र वायर. पाय ते कार्ड सरळ केबल, मध्ये स्विच नाही, राउटर नाही; दोन्हीकडे स्टॅटिक आयपी. इंटरनेट हवंच असेल तर वायफायवरून.

तपासणी

एका वेळी एकच बदल करा आणि आकडा वहीत लिहा. सायक्लिकटेस्ट किंवा लिनक्ससीएनसीचा लेटन्सी हिस्टोग्राम रात्रभर चालू ठेवा, आणि तोही मशीन रिकामं ठेवून नाही. ब्राउझर उघडा, फायली कॉपी करा, पायला चांगला घाम फोडा. टाइमआउट वाढवून एरर गप्प करणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं.

आणि एक गोष्ट सेटिंगच्या यादीत कधीच टाकू नका : इमर्जन्सी स्टॉप. लाल बटणाने ड्राइव्ह आणि स्पिंडलचा सप्लाय कॉन्टॅक्टरमधून थेट तुटला पाहिजे. बटण दाबल्याची बातमी पायला जरूर कळू दे, पण सप्लाय तोडायला त्याची परवानगी लागता कामा नये. कितीही ट्यूनिंग केलं तरी एखादं पॅकेट उशिरा येऊ शकतं, आणि मशीनपाशी कुणाचा तरी हात असतो.

व्हायव्हात सर विचारतील, "लेटन्सी सरासरी किती?" तेव्हा बिनधास्त सांगा, "सर, सरासरी नाही, सर्वांत जास्त किती ते सांगतो." पुढचे प्रश्न सोपे जातील.