पथ्याची शंभर वर्षं

महाराष्ट्रात दवाखान्यातून निघताना, चपला घालता घालता विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, पथ्य काय?" आतड्याला कायमची सूज असलेल्या रुग्णांनाही, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीज असलेल्यांनाही, तो पडतोच. शौचावाटे रक्त आणि आव पडते, दिवसातून दहा-दहा वेळा पळावं लागतं, वजन उतरत जातं. अशा माणसाला आपल्या ताटाचा संशय येणार नाही तर कशाचा येणार? पण कित्येक दशकं त्याला साधारण एकच उत्तर मिळत आलं: तिखट-तेलकट जरा कमी करा आणि गोळ्या चुकवू नका. अलीकडे हे उत्तर बदलू लागलं आहे. त्या बदलाचा धागा मागे ओढत नेला, तर तो शंभर वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कमध्ये, केळ्यांच्या घडापाशी जाऊन पोचतो.

सिडनी हास हे तिथले बालरोगतज्ज्ञ. त्यांच्याकडे येणारी काही मुलं काड्यांसारख्या हातापायांची आणि नगाऱ्यासारख्या पोटाची असत. खाल्लेलं अंगी लागत नसे, जुलाब थांबत नसत. या आजाराला सिलिअॅक म्हणत आणि त्यात पुष्कळ मुलं दगावत. १९२४ मध्ये हास यांनी केळ्यांवर भर असलेल्या आहारानं सुधारलेल्या मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. पाव, बिस्किटं, बटाटा, धान्य बंद. केळी मात्र भरपूर. मुलं खरोखरच सुधारली होती. पिष्टमय पदार्थ हेच आजाराचं मूळ, असा निष्कर्ष हास यांनी काढला आणि त्यावर ते अखेरपर्यंत ठाम राहिले.

निष्कर्ष चुकीचा होता. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा संशय गव्हावर होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींच्या नाकेबंदीमुळे तिथं अन्नाचा दुष्काळ पडला आणि पाव दिसेनासा झाला, तेव्हा सिलिअॅकची मुलं सुधारली. पाव परत आला तसा आजारही परतला. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात हे पद्धतशीर मांडलं. म्हणजे हास यांच्या मुलांना केळ्यांनी तारलं नव्हतं. केळ्यांच्या निमित्तानं गहू सुटला, त्यानं तारलं होतं. इलाज लागू पडला पण कारण भलतंच निघालं, ही गोष्ट आतड्याच्या आहाराच्या इतिहासात पुढेही घडत राहिली. म्हणून ती इथंच लक्षात ठेवायला हवी.

दरम्यान १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्याच माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला येणाऱ्या सुजेचं वर्णन केलं. चौदा रुग्णांवरून बेतलेल्या त्या लेखातून क्रोन्स डिसीज हे नाव पुढे रूढ झालं. कोलायटिसची ओळख त्याआधीची, एकोणिसाव्या शतकातली. इलाज मात्र दोन्हींवर बेताचाच होता: विश्रांती, मऊ खाणं आणि वेळ आली की शस्त्रक्रिया.

मग कॉर्टिझोन हे स्टेरॉइड आलं. ऑक्सफर्डच्या सिडनी ट्रूलव्ह आणि लेस्ली विट्स यांनी २१० कोलायटिस रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी घेतली. १९५५ मध्ये अंतिम अहवाल आला आणि चित्र पालटलं. जीवघेण्या उद्रेकात सापडलेली माणसं या औषधानं वाचू लागली. औषधांऐवजी आहार, असं आज कुणी सहज म्हणून जातं, तेव्हा ही माणसं आठवायला हवीत. स्टेरॉइडनं जीव वाचवले आणि आजही वाचवतं. त्याच झपाट्यात आहाराचा विचार मागे पडला, हेही तितकंच खरं. ट्रूलव्ह यांनी स्वतः दुधाचा माग सोडला नव्हता. काही रुग्णांचा कोलायटिस दुधामुळे उसळतो, असं त्यांनी १९६१ मध्ये लिहिलं आणि १९६५ मध्ये राल्फ राइट यांच्यासोबत दूध वर्ज्य करण्याची चाचणीही प्रसिद्ध केली. काही थोड्या रुग्णांना फायदा झाला, सगळ्यांना नाही. त्या "काही थोड्या"त आपण आहोत की नाही, हे कोणत्याही रुग्णाला आधी सांगता येत नव्हतं. विषय तिथंच थिजला.

तो पुढे नेला एका आईनं. एलेन गॉटशॉल यांच्या लहान मुलीला कोलायटिस झाला होता. औषधांनी आराम पडत नव्हता, शस्त्रक्रियेची भाषा सुरू झाली होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्या मुलीला घेऊन हास यांच्याकडे गेल्या. हास तेव्हा नव्वदीला टेकले होते. त्यांनी आपला जुनाच आहार सांगितला: धान्य नाही, बटाटा नाही, साखर नाही, फळं, मध, अंडी, मांस आणि विरजलेलं घरचं दही. मुलगी बरी झाली. गॉटशॉल यांनी मग जीवशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं, १९८७ मध्ये पुस्तक लिहिलं आणि २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत हजारो घरांत हा आहार पोचवला.

या बाईंच्या जिद्दीपुढे मान लवते. तरीही एका मुलीचं बरं होणं हा पुरावा ठरत नाही, कारण कोलायटिस काही वेळा आपसूकही निवतो आणि वर्षभरानं पुन्हा पेटतो. दह्याचा भाग मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला ग्रहणी या पोटाच्या विकारावरचा अध्याय ताकाची भलामण करतो. मात्र ग्रहणी म्हणजे क्रोन्स किंवा कोलायटिस असं समीकरण मांडता येत नाही. विरजण लावल्यावर दुधातली साखर बरीच कमी होते आणि म्हणून दूध न सोसणाऱ्याला ताक सोसतं, एवढंच खात्रीनं म्हणता येतं.

आहाराला वैद्यकाच्या दारातून पुन्हा आत आणलं ते अनपेक्षित माणसांनी, अंतराळवीरांचं जेवण शोधणाऱ्यांनी. अमेरिकेत १९६० च्या दशकात असं अन्न बनवायचे प्रयत्न चालू होते, की जे पाण्यात विरघळेल आणि ज्याचा चोथा उरणार नाही: अमिनो आम्लं, ग्लुकोज, थोडी स्निग्धाम्लं, जीवनसत्त्वं, क्षार. मिल्टन विनिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात व्हॅकाव्हिल इथल्या कैद्यांना १९ आठवडे निव्वळ या द्रवावर ठेवलं. ते धडधाकट राहिले. कैद्याच्या होकाराला कितपत होकार म्हणायचं, हा प्रश्न त्या प्रयोगाला चिकटलेला आहे आणि तो सुटा करता येत नाही. अंतराळवीरांनी हे बेचव पाणी नाकारलं. शल्यचिकित्सकांनी मात्र ते उचललं. शस्त्रक्रियेपूर्वी खंगलेल्या क्रोन्सच्या रुग्णांची ताकद भरून यावी म्हणून ते दिलं जाऊ लागलं, तर काहींची सूजच ओसरली.

लंडनमधल्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात कोम ओ'मोरेन आणि सहकाऱ्यांनी मग सरळ सामना लावला. क्रोन्सचा उद्रेक झालेले २१ रुग्ण. काहींना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, काहींना फक्त हा द्रव. १९८४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: द्रवावरचे रुग्ण स्टेरॉइडवाल्यांच्या तोडीस तोड सुधारले होते. एकवीस हा आकडा लहान आहे. पण आहार आणि औषध एकाच तराजूत घालून तोलले गेले, हे मोठं पाऊल होतं.

त्याच काळात चोथ्याचा वादही रंगला. ब्रिस्टलच्या केनेथ हीटन यांनी १९७९ मध्ये लिहिलं की साखर कमी आणि कोंड्यासकट धान्य, भाज्या भरपूर खाणाऱ्या ३२ क्रोन्स रुग्णांना रुग्णालयात एकूण १११ दिवस काढावे लागले, तर तसा आहार न घेणाऱ्या, बाकी तितक्याच आजारी रुग्णांना ५३३. केवढा हा फरक! १९८७ मध्ये साडेतीनशेवर रुग्णांची रीतसर चाचणी झाली आणि फरक विरघळला. दुसऱ्या टोकाला, चोथा पूर्ण टाळा, असं सांगणारेही होते. इटलीत ७० रुग्णांपैकी काहींना कमी चोथ्याचं आणि काहींना नेहमीचं इटालियन जेवण देऊन सव्वादोन वर्षांहून जास्त काळ पाहिलं. १९८५ चा निकाल सांगतो की दोन्ही गट सारखेच राहिले. आतडं अरुंद झालं असेल तर चोथ्यानं अडथळा येऊ शकतो, तिथं सालं-बिया टाळणं शहाणपणाचंच. पण सरसकट "पालेभाजी बंद" म्हणण्याला आधार नव्हता. आपल्याकडे ते तरीही सांगितलं गेलं आणि किती तरी माणसं वर्षानुवर्षं वरण-भात आणि बटाट्यावर काढत राहिली.

खरी भरारी मुलांच्या वॉर्डात घेतली गेली, आणि तिचं कारण साधं होतं. स्टेरॉइडनं मुलांची वाढ खुंटते. बारा वर्षांच्या मुलाची उंची थांबली, की आई-बाप आणि डॉक्टर दोघेही दुसरी वाट शोधतात. ती वाट अशी: सहा ते आठ आठवडे घन अन्न पूर्ण बंद, फक्त डब्यातल्या पावडरीचं पेय, पिणं जमलं नाही तर नाकातून नळी. रोममधल्या २००६ च्या चाचणीत ३७ मुलांना दहा आठवडे या पेयावर किंवा स्टेरॉइडवर ठेवलं. लक्षणं दोन्हीकडे कमी झाली, पण दुर्बिणीतून पाहिल्यावर आतड्याच्या जखमा पेयावरच्या ७४ टक्के मुलांत भरून आल्या होत्या, स्टेरॉइडच्या गटात ३३ टक्के. २०१४ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांनी मुलांच्या क्रोन्ससाठी हा पहिल्या पसंतीचा इलाज ठरवला. मोठ्यांत मात्र गाडी अडली. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात प्रौढांपैकी पेयावर ४५ टक्के आणि स्टेरॉइडवर ७३ टक्के जण आटोक्यात आले. पुष्कळांनी पेय मध्येच सोडलं होतं. दोन महिने घरातली फोडणी हुंगत बसायचं आणि ग्लासातलं ते पाणी प्यायचं. ज्यांनी सोडलं त्यांना दोष देववत नाही.

शिवाय हे पेय काम का करतं, ते धड उलगडलेलं नाही. त्यात दुधाची प्रथिनं असतात, माल्टोडेक्स्ट्रिन असतं, कधी पायसकंही (इमल्सिफायर) असतात. आहारशास्त्रज्ञ ज्यांच्याकडे बोट दाखवतात नेमकी तीच द्रव्यं. इस्रायलमधल्या होलोनच्या वुल्फसन रुग्णालयातले आरी लेव्हीन यांनी खरं जेवण परत आणायचा प्रयत्न केला. गहू, दूध, तयार डबाबंद पदार्थ वर्ज्य. कोंबडी, अंडी, भात, सफरचंद चालेल. बटाटे आणि केळी रोज हवीतच. सोबत निम्म्या उष्मांकांपुरतं पेय. २०१९ मध्ये ७४ मुलांच्या चाचणीत सहा आठवड्यांनी या जेवणावर ७५ टक्के आणि निव्वळ पेयावर ५९ टक्के मुलं स्टेरॉइडविना आटोक्यात होती. फरक योगायोगापलीकडचा म्हणण्याइतका नव्हता. मात्र जेवण जवळजवळ सगळ्यांनी निभावलं, पेय सुमारे चौथाई जणांना जमलं नाही.

हास-गॉटशॉल यांच्या यादीत बटाटा आणि भात निषिद्ध, लेव्हीन यांच्या यादीत बटाटा सक्तीचा. दोन्ही आहारांमागे दाखला मात्र आतड्यातल्या जिवाणूंचाच दिला जातो. शेवटी गॉटशॉल यांचा आहारही तराजूवर चढला. अमेरिकेत क्रोन्सचे १९४ प्रौढ रुग्ण. काहींना तो आहार, काहींना भाज्या, कडधान्यं, मासे, ऑलिव्ह तेल असं भूमध्य समुद्राकाठचं साधं जेवण. २०२१ चा निकाल: सहा आठवड्यांनी लक्षणं निवलेले पहिल्या गटात ४६.५ टक्के, दुसऱ्यात ४३.५. कडक पथ्याची आणि सोप्या पथ्याची बरोबरी झाली. ज्या घरांनी धान्याचा कण न शिवता वर्षं काढली, त्यांना हे ऐकणं जड गेलं असेल. पण नव्या रुग्णासाठी यासारखी दिलाशाची बातमी नाही.

भारतात हा आजार दुर्मीळ, असा समज फार काळ होता. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत लाखामागे ४४ जणांना कोलायटिस आढळला; २००३ मध्ये ते आकडे छापून आले आणि समज मोडला. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की अनेकांना आधी क्षयाची औषधं दिली जातात. अशा वेळी निदानाआधीच पथ्यात रमणं धोक्याचं. हळदीबद्दलही सावध राहायला हवं. जपानमध्ये ८९ कोलायटिस रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांसोबत रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर सहा महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण बरंच घटलं, असं २००६ चा अहवाल सांगतो. पण हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के. दोन ग्रॅमसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद लागेल. भाजीतल्या चिमटीनं ते साधत नाही.

दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोलायटिसच्या रुग्णांना आधीची औषधं तशीच ठेवून निरोगी दात्यांच्या विष्ठेतले जिवाणू सात आठवडे दुर्बिणीवाटे दिले आणि सोबत दाह कमी करणारा आहार सुरू केला. आठ आठवड्यांनी या गटातले ६० टक्के आटोक्यात आले, फक्त औषधांच्या गटात ३२ टक्के. ज्यांना गुण आला त्यांनी पुढे जिवाणू न घेता तो आहार आणि आधीची औषधं चालू ठेवली. ४८ आठवड्यांनी तपासलं तेव्हा आहाराच्या गटातल्या २४ पैकी सहाजणांची आतडी आतून पूर्ण शांत होती. औषधांच्या गटातल्या २७ पैकी एकाचीही तशी नव्हती. सहा हा आकडा लहानच. त्या आहारात गहू आणि दूध दोन्ही वर्ज्य होतं, आणि ही माणसं राहत होती रोटी आणि दही-लस्सीच्या मुलखात. जवळजवळ वर्षभर त्यांच्या घरी एका ताटाचा स्वयंपाक वेगळा झाला.