मोळी उचलली, मग स्नान कशाला?

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. मातृप्रेमाचे पुस्तक म्हणून आपण ते मुलांच्या हाती देतो. परंतु त्यातील अन्यायाचा एक प्रसंग मुलांसोबत थांबून वाचण्यासारखा आहे.

एका वृद्ध महार स्त्रीची लाकडांची मोळी खाली पडते. विटाळाच्या भयाने कोणी हात लावीत नाही. आई श्यामला सांगते, मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन स्नान कर. येथे चाणाक्ष मूल विचारील : कृत्य चांगले होते, तर स्नान कशाला?

हा प्रश्न टाळू नये. आईची करुणा रूढीच्या एक पाऊल पुढे गेली, पण रूढी पुरती ओलांडू शकली नाही, हे मुलांना सांगावे. उरलेले पाऊल लेखकाने टाकले : पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. अमेरिकेतील वर्णभेदाविषयी हाच प्रश्न हार्पर ली यांनी १९६० साली एका लहान मुलीच्या नजरेतून ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मध्ये मांडला.

आपल्या उत्तराध्ययन सूत्रात चांडाळकुळात जन्मलेले हरिकेशबल मुनी वंदनीय ठरले आहेत. आता नागपूरच्या इतवारीतील एखाद्या पेढीवर हमालाचा पेला वेगळा ठेवलेला दिसला आणि मुलाने ‘का?’ म्हणून विचारले, तर वडिलांनी काय सांगावे? सांगू काहीच नये. त्याच दिवशी पेला एक करावा.